मुलीने खूण करून पाठवलेलं पान

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी सांगलीचा. छोटं वर्कशॉप आहे. लेथवर उभं राहून दोन मुलं वाढवली. थोरली मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी तिचा वायडी झाला, म्हणजे वर्ष गेलं, आणि तिने ते घरी सांगितलंच नाही. फीचे पैसे घेत राहिली, निकाल विचारला की 'बरा आहे' म्हणत राहिली. मला बाहेरून कळलं. रागाच्या भरात फोनवर म्हणालो, 'आता या घराची पायरी चढू नकोस.' तीन महिने झाले, ती आली नाही. आईशी बोलते, माझ्याशी नाही. परवा कुरियरने एक इंग्रजी पुस्तक आलं, 'फ्रँकेन्स्टाइन'. दहाव्या प्रकरणात एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ, 'ऐक माझं, फ्रँकेन्स्टाइन' अशा अर्थाचं. रोज रात्री शब्दकोश घेऊन वाचतोय. एक शास्त्रज्ञ राक्षस बनवतो आणि टाकून पळतो, एवढं कळलं. मी कुठे पळून गेलो? पोरीला कधी कशाची झळ लागू दिली नाही. तिच्या शिक्षणासाठी मी काय काय केलं ते तिला माहीत आहे. खोटं ती बोलली, मग गुन्हेगार मी कसा? माझी बहीण म्हणते, मामाच्या वळणावर गेली आहे. आई-बापाची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत असते? आणि आता मी काय करू?"

नमस्कार,

दिवसभर लेथवर उभं राहिल्यावर रात्री तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी उलगडत बसता, आणि तेही मुलीने पाठवलं म्हणून. तुमचं तिच्याशी नातं तुटलेलं नाही, हे मला तुमच्या सगळ्या पत्रापेक्षा या एका गोष्टीवरून जास्त कळलं.

आधी त्या पानाबद्दल. आल्प्समध्ये, शामोनीजवळच्या डोंगरात, हिमनदीवर, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आणि त्याने घडवलेला जीव समोरासमोर येतात. त्याला घडवलं त्या रात्रीला तोवर जवळजवळ दोन वर्षं झालेली असतात, आणि दोघांचं पहिलं बोलणं होतं ते इथे. व्हिक्टर तोंड उघडतो ते 'चालता हो' म्हणायलाच. पायाखाली चिरडून टाकीन अशी धमकीही देतो. समोरचा त्याच्यापेक्षा कितीतरी बलदंड आहे, तरी हात उचलत नाही. तो म्हणतो, माणसांचे कायदे कितीही क्रूर असले तरी शिक्षा देण्याआधी ते गुन्हेगाराला आपली बाजू मांडू देतात. ऐक माझं.

त्याने तोवर व्हिक्टरच्या लहान भावाचा जीव घेतलेला आहे. तुमच्या मुलीला स्वतःला निर्दोष म्हणवून घ्यायचं असतं तर पुस्तकात त्यासाठी दुसऱ्या कितीतरी जागा होत्या. हाच जीव एका गरीब कुटुंबासाठी रात्री गुपचूप जळण तोडून ठेवतो, नदीत वाहून चाललेल्या मुलीला वाचवतो आणि बदल्यात गोळी खातो. त्या पानांवर तिने रेघ मारलेली नाही. तिने निवडलेल्या पानावर बोलणारा दोषी आहे आणि तरीही सुनावणी मागतो आहे. माझ्या मते तिने चूक कबूल करून तुम्हाला पत्रच लिहिलं आहे, फक्त स्वतःच्या शब्दांत लिहायचं बळ तिला आलं नाही.

'मी कुठे पळून गेलो?' या तुमच्या प्रश्नासाठी मागे, पाचव्या प्रकरणात जावं लागेल. बहुतेकांची समजूत असते की व्हिक्टरचं पाप म्हणजे त्याने निसर्गाच्या कामात ढवळाढवळ केली. कादंबरी मन लावून वाचली की लेखिका मेरी शेली हिचा रोख दुसरीकडे आहे हे लक्षात येतं. जर्मनीतल्या इंगोल्स्टाटला, व्हिक्टर शिकत असतो तिथल्या खोलीत, नोव्हेंबरच्या रात्री तो जीव डोळे उघडतो. व्हिक्टरने जवळजवळ दोन वर्षं त्याच्यावर खपून, अवयव सुंदर बघून निवडलेले असतात. तरी जिवंत झाल्यावर तो त्याला बघवत नाही. व्हिक्टर आपल्या झोपायच्या खोलीत जाऊन पडतो. जागा होतो तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा बाजूला करून त्याच्याकडे बघत असतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू असतं, तोंडातून काही अस्फुट आवाज निघतात, एक हात पुढे आलेला असतो. व्हिक्टर स्वतःच सांगतो, तो काही बोललाही असेल, पण मी ऐकलं नाही. तो जिना उतरून पळतो आणि रात्र अंगणात काढतो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी दिसल्यावर आनंदाने टाळ्या वाजवतो.

एखादं तान्हं मूल जे करेल तेच त्या जीवाने केलं होतं. हसला आणि हात पुढे केला. मेरी शेलीने या प्रसंगात त्याच्याकडून एकही वाईट गोष्ट घडू दिलेली नाही, आणि हे तिने जाणूनबुजून केलं आहे असं मला ठामपणे वाटतं. नाकारलं जाण्यासारखं काही करायच्या आधीच त्याला नाकारलं गेलं.

तुम्ही असं केलेलं नाही. तुम्ही जन्मापासून तिच्या उशाशी होतात. त्यामुळे व्हिक्टरचा तो पहिला अपराध तुमच्या माथी मारायचं मला काहीच कारण दिसत नाही. पण त्याच्या आधी, चौथ्या प्रकरणात एक वाक्य आहे आणि ते तुम्ही सावकाश वाचावं असं मला वाटतं. प्रयोग अजून पुरा व्हायचा आहे, आणि व्हिक्टर मनात मांडे खातो आहे की एक नवी जात मला आपला निर्माता मानून दुवा देईल. कुठल्याही बापाचा आपल्या लेकरांच्या कृतज्ञतेवर नसेल इतका माझा त्यांच्यावर हक्क असेल. मूल जन्मायच्या आधीच त्याच्या नावावर कर्ज मांडून झालं होतं. पुढे तो जीव कुरूप निघाला म्हणून व्हिक्टर घाबरला हे खरंच, पण मला वाटतं त्याला जास्त झोंबलं ते हे की एवढं करून हाती हे आलं. तुमच्या पत्रात 'मी काय काय केलं ते तिला माहीत आहे' असं वाक्य आहे. तिला माहीत आहे यात मला शंका नाही. लेथवर उभ्या असलेल्या बापाला 'माझं वर्ष गेलं' हे फोनवर सांगणं तिला अशक्य झालं, ते बहुधा हे माहीत असल्यामुळेच.

ही कादंबरी लिहिणारी मुलगी त्या वेळी कोण होती हे तुम्हाला कळायला हवं, कारण तुमच्या घरातल्या गोष्टीशी त्याचा थेट संबंध आहे. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा. तिची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट बाळंतरोगाने अकराव्या दिवशी गेली. वडील विल्यम गॉडविन हे त्या काळातले गाजलेले विचारवंत, न्याय आणि विवेक यांवर ग्रंथ लिहिणारे. मेरीचा त्यांच्यावर अतोनात जीव होता. १८१४ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून निघून गेली. पर्सी विवाहित होता. गॉडविन यांनी मुलीला दार बंद केलं. ते तिला भेटत नव्हते, घरात घेत नव्हते, आणि पर्सीकडून पैसे मात्र मागत होते.

१८१५ च्या फेब्रुवारीत तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली आणि दोन आठवड्यांत ती गेली. त्यानंतर मेरीने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं आहे: बाळ मेलेलं नव्हतं, नुसतं गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्या वर्षी, जानेवारी १८१६ मध्ये, मुलगा झाला. वडील तोंड पाहायला तयार नव्हते, तरी तिने त्याचं नाव त्यांच्यावरूनच विल्यम ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये जिनीव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यात, पाऊस थांबत नाही म्हणून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगत बसलेल्या मंडळींत, तिने ही कथा लिहायला घेतली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गॉडविन तिच्याशी पुन्हा बोलायला लागले ते डिसेंबर १८१६ मध्ये, तिचं रीतसर लग्न लागल्यावर.

म्हणजे ज्या कादंबरीत एक लेकरू 'माझं ऐक' म्हणून डोंगरावर बापाला अडवतं, ती लिहायला घेतली तेव्हा लिहिणारीच्या बापाचं दार बंद होतं. १ जानेवारी १८१८ ला पुस्तक लंडनमध्ये छापून आलं, पाचशे प्रती, लेखिकेच्या नावाशिवाय. अर्पणपत्रिकेत नाव होतं विल्यम गॉडविन यांचं. त्या अर्पणपत्रिकेत प्रेम किती आणि गाऱ्हाणं किती हे कोणी सांगू शकत नाही. मला दोन्ही दिसतं. तुमच्या मुलीच्या कुरियरमध्येही मला दोन्ही दिसतं.

'खोटं ती बोलली.' हो, बोलली, आणि ते लहानसहान नाही. महिनोन्महिने फीचे पैसे घेत राहणं हा तुमच्या घामाचा अपमान आहे, आणि त्याचं तिला तुम्हाला उत्तर द्यावंच लागेल. मेरी शेलीसुद्धा आपल्या त्या जीवाला माफ करून टाकत नाही. तो निरपराध मुलाला मारतो, जस्टीन नावाच्या मोलकरणीच्या खिशात पुरावा ठेवतो आणि ती फासावर जाते. 'मी चांगला होतो, दुःखाने मला सैतान केलं,' हे तो म्हणतो, आणि ते खरंही आहे, पण जस्टीनच्या आईच्या पोटी जन्मलेली मुलगी त्याने परत येत नाही. बापाने टाकलं हे कारण आहे. त्याने गुन्हा समजतो, पुसला जात नाही. उलट बाजूनेही हिशेब तसाच आहे. लेकराने गुन्हा केला म्हणून बापाने जे केलं ते पुसलं जात नाही. तुम्ही 'खोटं ती बोलली, मग गुन्हेगार मी कसा' असं विचारता तेव्हा तुम्ही दोषाचा एकच वाटा आहे असं धरून चालता, आणि तो तिच्या पदरात पडला की तुम्ही मोकळे. तिचं खोटं तिचं. फोनवरचं ते वाक्य तुमचं.

आणि तिने लपवलं का, याचंही उत्तर त्याच पुस्तकात आहे, जरा अनपेक्षित ठिकाणी. व्हिक्टर स्वतःही कुणाचा तरी मुलगा आहे. त्याचे वडील अल्फोन्स चांगले आहेत, मायाळू आहेत. व्हिक्टर लहानपणी कॉर्नेलियस अग्रिप्पा या जुन्या काळच्या जादूविद्येवर लिहिणाऱ्याचं पुस्तक उत्साहाने त्यांना दाखवायला येतो. ते वरचं पान बघतात आणि 'हा कचरा आहे, यात वेळ घालवू नकोस' एवढंच म्हणतात. व्हिक्टर पुढे म्हणतो, हे विचार का मागे पडले ते वडिलांनी मला नीट समजावलं असतं तर मी ते पुस्तक टाकून दिलं असतं. सगळा दोष बापावर ढकलायची त्याची ही पळवाट आहे असं म्हणता येईल, आणि थोडी आहेही. पण बाप-लेकात काय घडलं ते मला ओळखीचं वाटतं. मुलगा काहीतरी घेऊन आला, बापाने न बघता निकाल दिला, आणि त्यानंतर मुलगा काही घेऊन आला नाही. इंगोल्स्टाटला गेल्यावर तो घरी पत्रं लिहीत नाही. काय करतो आहे ते सांगत नाही. जस्टीनला फाशी होते तेव्हाही तोंड उघडत नाही, लोक वेडा म्हणतील म्हणून. तुमची मुलगी निकाल लपवत होती तेव्हा ती त्या राक्षसासारखी नव्हती, व्हिक्टरसारखी होती. तिने घरी काय काय दाखवायला आणलं होतं आणि तुम्ही काय म्हणाला होतात, हे आठवून बघा. मला त्यातलं काही माहीत नाही. तुम्हाला असेल.

बहिणीचं 'मामाच्या वळणावर' हे मनावर घेऊ नका. १९३१ च्या हॉलिवूडच्या चित्रपटात असंच केलं आहे: चांगल्या मेंदूची बरणी हातून पडते म्हणून मदतनीस गुन्हेगाराचा मेंदू चोरून आणतो, मग तो जीव वाईटच निघणार. कादंबरीत असा कुठलाही मेंदू नाही. तिथे तो जीव बोलायला शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आंधळ्या म्हाताऱ्यापाशी जाऊन आसरा मागतो. रक्तात होतं म्हटलं की वाढवणाऱ्याला विचारायचं काही उरत नाही, म्हणून ते म्हणणं इतकं सोयीचं आहे. ताईंना तसं सांगा.

'कधी कशाची झळ लागू दिली नाही' या वाक्याबद्दलही बोलायला हवं. अमेरिकन लेखक हॉथॉर्नची १८४४ ची एक कथा आहे, रापाचिनीच्या मुलीची. इटलीतल्या पादुआचा हा वैद्य विषारी झाडांची बाग लावतो आणि मुलीला त्या बागेतच वाढवतो. विष तिच्या अंगात इतकं मुरतं की तिला कोणी इजा करू शकत नाही, आणि तिच्याजवळही कोणी येऊ शकत नाही. शेवटी मरताना ती बापाला विचारते, हे माझ्या नशिबी का आणलंस? त्याला खरंच कळत नाही. मी तुला अजिंक्य केलं, तो म्हणतो. ती म्हणते, मला कोणी भ्यावं असं नको होतं, कोणी प्रेम करावं असं हवं होतं. तुम्ही रापाचिनी नाही. पण झळ लागू न देणारा बाप आणि पहिली झळ लागल्यावर ती कुठे दाखवावी हे न कळणारी मुलगी, हे दोन्ही तुमच्या पत्रात आहेत.

जबाबदारी कुठपर्यंत? तिच्या परीक्षेची, तिच्या खोटेपणाची, पुढे काय शिकायचं याची जबाबदारी आता तिची आहे आणि ती तुम्ही तिच्याकडून काढून घेऊ नका. फी पुढे किती वर्षं द्यायची ही तुमच्या ऐपतीची गोष्ट आहे, त्याला मर्यादा घालायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तिने घराची पायरी चढावी की नाही, हे तिच्या निकालावर किंवा वागण्यावर अवलंबून नसतं. तिला या जगात आणताना तुम्ही तिला विचारलं नव्हतं. मेरी शेलीने पुस्तकाच्या पहिल्या पानावर कवी मिल्टनच्या महाकाव्यातल्या आदमचा, म्हणजे देवाने घडवलेल्या पहिल्या माणसाचा, नेमका हाच प्रश्न छापला आहे: हे निर्मात्या, मातीतून मला घडव असं मी तुला सांगितलं होतं का? या प्रश्नाला बापाकडे उत्तर नाही. म्हणून पायरीची अट बापाने घालायची नसते, आणि रागात घातली गेली तर मागे घ्यायची असते.

व्हिक्टर ते करत नाही. मरणाच्या दारात, उत्तरेच्या बर्फातून नुकत्याच सुटलेल्या जहाजावर, तो मान्य करतो की त्या जीवाच्या सुखाची काळजी घेणं त्याला बांधील होतं. आणि त्याच दमात म्हणतो की मी माझं सगळं वागणं तपासून पाहिलं, मला त्यात दोष दिसत नाही. एवढी माणसं गेल्यावर हे त्याचं म्हणणं. संपूर्ण कादंबरीत मला सर्वांत भयंकर वाटतं ते हेच.

आता काय करायचं. पुण्याला जा. फोन नको, कारण ते वाक्य फोनवर गेलं होतं. आदल्या दिवशी तिच्या आईकडून निरोप द्या की बाबा येतायत, भांडायला येत नाहीत. बहिणीला, मेहुण्याला, कुणालाही बरोबर नेऊ नका. गेल्यावर आधी ते वाक्य मागे घ्या, त्याला 'पण' जोडू नका. मग तिला बोलू द्या. वर्ष कसं गेलं, कुठल्या विषयात अडकली, पहिल्यांदा कळलं तेव्हा कुणाला सांगितलं, एकटी होती का. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत पैशाचा विषय काढू नका. कुंती कर्णाकडे गेली ती युद्धाच्या तोंडावर आणि मागणं घेऊन; तुम्ही काही मागायला जाऊ नका, 'आता नीट अभ्यास करीन असं वचन दे' हेसुद्धा नाही.

आणि तुम्हीही भावनेच्या भरात मोठं वचन देऊ नका. हिमनदीवर व्हिक्टर अखेर ऐकून घ्यायला तयार होतो, आणि तेव्हाच त्याला पहिल्यांदा जाणवतं की निर्मात्याचंही काही कर्तव्य असतं. तिथवर सगळं बरोबर चाललेलं असतं. पण तो जोडीदारीण घडवून देण्याचं वचन देऊन बसतो, मग स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनीच्या बेटावर त्याचा विचार बदलतो आणि एक शब्द न बोलता तो ते काम त्या जीवाच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. त्याचं शंकित होणं मला पटतं. न बोलता फाडणं नाही. कॉलेज बदलायचं, शाखा बदलायची, वर्षभर थांबायचं, यातलं काहीही पहिल्या भेटीत ठरवू नका. 'मी विचार करतो, पुढच्या रविवारी परत येतो' म्हणा, आणि या.

ती पहिल्या वेळी भेटायला खाली आली नाही तर हॉस्टेलच्या गेटवर तमाशा करू नका. चिठ्ठी ठेवा, परतीची एसटी पकडा, आठवड्याने पुन्हा जा. आईला विचारून घ्या की ती नीट जेवते का, झोपते का. जगण्यात अर्थ नाही असं काही तिच्या बोलण्यात आलं असेल तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी निघा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, तुम्हीही त्यावर बोलू शकता. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत कधी आहे ते कॉलेजमधून तिचं तिला बघू द्या. भरायचं ठरलं तर पैसे या वेळी तिच्या हातात देऊन पावती मागू नका, दोघं मिळून काउंटरवर जा.